काळा पत्रा घ्यावा की सीआर? गरम आणि थंड रोलिंगचा हिशेब

पत्र्याच्या दुकानात पाऊल ठेवले की आपला कारागीर पहिला प्रश्न भावाचा विचारतो. काळा पत्रा किलोला काय, सीआर किलोला काय? दोन्हींतला फरक ऐकला की बहुतेक वेळा हात काळ्या पत्र्याकडे जातो. लोखंड ते लोखंड, रंगाखाली कोण पाहणार, असा त्यामागचा विचार असतो. हा विचार आम्हीही एकदा केला होता आणि त्याची किंमत मोजली होती, म्हणून आजचा लेख या विषयावर लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्हाला कोकणातल्या एका शाळेच्या चोवीस कपाटांचे काम मिळाले. भाव तोडून दिला होता, तेव्हा मालात बचत करायची म्हणून आम्ही सीआरऐवजी काळा पत्रा उचलला. पोरांनी पॉलिश पेपर मारला, प्रायमर लावला, वर राखाडी रंग दिला. कपाटे देखणी दिसत होती, पैसेही वेळेवर मिळाले. पहिला पावसाळा सरला आणि निरोप आला की दारांचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो आहे. जाऊन पाहिले तर रंग एकटा सुटत नव्हता, त्याच्या पाठीला निळसर काळी पपडी चिकटून येत होती आणि खाली गंजाचे ठिपके होते. चोवीसच्या चोवीस कपाटे परत आणून घासून पुन्हा रंगवून द्यावी लागली. नफा गेला, वर खिशातले गेले. विक्रेत्याला बोल लावावा तर आम्ही मागितला तोच माल त्याने दिला होता.

ती पपडी कुठून आली हे समजले की या विषयाची अर्धी गाठ सुटते.

गरम रुळांखाली काय होते

मोठ्या पोलाद कारखान्यात पत्र्याची सुरुवात जाड लादीपासून होते. साधारण २०० ते २५० मिलिमीटर जाडीची ही लादी भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. लाल-पिवळी झालेली लादी एकामागून एक रुळांच्या जोड्यांमधून जाते, दर जोडीत चेपली जाते आणि लांब होत जाते. शेवटच्या रुळातून बाहेर पडताना ती दोन-तीन मिलिमीटरची पट्टी झालेली असते आणि तिचे तापमान अजून साडेआठशे-नऊशे अंशांच्या आसपास असते. मग पाण्याचे फवारे मारून तिची गुंडाळी करतात. हीच एचआर कॉइल, तिचे तुकडे कापले की आपला काळा पत्रा.

इतक्या उष्णतेत पोलाद मऊ असते, म्हणून कमी जोरात खूप चेपता येते. आणखी एक गोष्ट आत घडते. रुळाने चेपलेले धातूचे बारीक कण त्या उष्णतेत मोडून पुन्हा नव्याने तयार होतात. त्यामुळे चेपल्याचा ताण धातूत साठत नाही. काळा पत्रा किंवा काळी सळई मुकाट्याने वेल्डिंग सोसते, कापली तरी फारशी वाकडी होत नाही, याचे कारण हे.

पण याच उष्णतेची दोन देणी कारागिराला भोवतात. एक म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर चढणारा लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. कारखान्यात त्याला मिल स्केल म्हणतात. रोलिंग चालू असताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो उडवतात, पण पट्टी थंड होताना पुन्हा नवा थर चढतोच. हा थर ठिसूळ असतो. पत्रा वाकला, ठोकला गेला, उन्हात तापून रात्री थंड झाला की त्याला तडे जातात. तड्यातून दमट हवा शिरली की उघडे पडलेले पोलाद स्केलच्या शेजारी नुसत्या पोलादापेक्षा लवकर गंजते. आमच्या कपाटांचे हेच झाले. रंग पत्र्याला धरून नव्हताच, तो स्केलला धरून होता.

दुसरे देणे मापाचे. नऊशे अंशांवर मोजलेली पट्टी थंड होईपर्यंत आकसते, आणि हे आकसणे मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर भरते. कारखाना हा हिशेब धरूनच रूळ लावतो, तरी सगळीकडे सारखे थंड होणे शक्य नसते. काळ्या पत्र्याची जाडी मध्यभागी थोडी जास्त, कडेला थोडी कमी असते आणि कॉइलगणिकही फरक पडतो.

थंड रोलिंग म्हणजे दुसऱ्यांदा लाटणे

सीआर पत्र्याचा कच्चा माल एचआर कॉइलच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. सीआर हे काही वेगळे लोखंड नव्हे. एचआर कॉइल तेजाबाच्या टाक्यांतून, बहुधा हायड्रोक्लोरिक तेजाबातून, काढून तिचा स्केल धुतात. मग ती न तापवता, भरपूर दाबाखाली, तेल-पाण्याच्या मिश्रणात रुळांमधून नेतात. तीन मिलिमीटरची पट्टी एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ होते. उष्णता नाही म्हणून स्केल नाही, आकसणे नाही, पृष्ठभाग गुळगुळीत आणि जाडी नेमकी.

मात्र आता कण नव्याने तयार होत नाहीत, ते लांबट होऊन एकमेकांत अडकतात. तारेचा तुकडा हातात घेऊन एकाच जागी चार-सहा वेळा वाकवून पाहा. आधी मऊ वाकतो, मग अडतो, शेवटी तुटतो. थंडपणी चेपलेला धातू असाच कडक होत जातो. तांबट भांडे ठोकता ठोकता मध्येच ते आगीत का घालतो, हे ज्याने पाहिले त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून थंड रोलिंग झालेली कॉइल बंद भट्टीत, हायड्रोजन-नायट्रोजनच्या वातावरणात, सातशे अंशांच्या आसपास तापवून मऊ करतात. याला ॲनीलिंग म्हणतात. शेवटी तिला रुळांचा एक हलका हात देतात, जेमतेम एखादा टक्का. त्याने पत्रा सपाट होतो आणि प्रेसमध्ये ओढताना त्यावर वळवळीच्या रेषा उठत नाहीत. फार दिवस गोदामात पडून राहिलेल्या सीआर पत्र्यावर मात्र या रेषा पुन्हा उठू शकतात. प्रेसचे काम करणाऱ्यांनी जुना साठा स्वस्त मिळाला तरी आधी एक तुकडा मारून पाहावा.

इथे एक पक्का गैरसमज दूर केला पाहिजे. सीआर म्हणजे जास्त मजबूत, असे दुकानदारही सांगतात. ॲनीलिंग न केलेली, फुल हार्ड म्हणून विकली जाणारी सीआर पट्टी खरोखरच काळ्या पत्र्याहून पुष्कळ कडक असते, पण ती वाकवली की तडकते. कपाट, पेटी, कूलरसाठी आपण जो सीआर घेतो तो मऊ केलेला असतो आणि खोल ओढण्याच्या प्रतीचा असेल तर साध्या काळ्या पत्र्यापेक्षाही मऊ असतो. जास्तीचे पैसे आपण पृष्ठभाग, माप आणि ओढले जाण्याच्या गुणासाठी मोजतो, ताकदीसाठी नव्हे.

गरम आणि थंड हे शब्दही हाताला लागणाऱ्या उष्णतेवरून ठरत नाहीत. धातूचे कण ज्या तापमानावर नव्याने तयार होऊ लागतात त्याच्या वर काम केले तर गरम, खाली केले तर थंड. शिशाच्या बाबतीत ही हद्द आपल्या साध्या हवामानाच्याही खाली आहे. म्हणून शिशाचा पत्रा हातात थंड लागत असताना लाटला तरी शास्त्राच्या भाषेत ते गरम रोलिंगच. शिसे कितीही ठोका, कडक होत नाही, ते यामुळे.

किलोचा भाव आणि पत्र्याचा भाव

आता व्यापाऱ्याच्या कामाचा हिशेब. आपण पत्रा किलोने घेतो आणि माल नगाने विकतो. या दोहोंच्या मधल्या फटीत पैसा गळतो.

एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो. आठ बाय चार फुटी पत्र्याचे क्षेत्रफळ २.९७ चौरस मीटर, म्हणजे दर मिलिमीटर जाडीला सुमारे २३.३ किलो. दोन मिलिमीटरचा पत्रा ४६.७ किलो भरला पाहिजे. समजा तुम्हाला मिळालेला काळा पत्रा दोनऐवजी २.१५ मिलिमीटर निघाला. नजरेला हा फरक दिसत नाही, पण पत्रा ५०.२ किलो भरतो. एक टन मालात नेमक्या जाडीचे २१.४ पत्रे बसतात, जाड निघालेले १९.९ बसतात. टनामागे दीड पत्रा गेला, म्हणजे जवळपास सात टक्के. किलोच्या भावात सात टक्क्यांची सूट मिळाली म्हणून खूश झालेला कारखानदार प्रत्यक्षात जिथल्या तिथे असतो, आणि घासाईची मजुरी त्याने अजून धरलेलीच नसते.

आमच्या वर्कशॉपमधले जुने उस्ताद दुकानात गेले की आधी एक पत्रा काट्यावर ठेवायला लावत. दुकानदार कुरकुरला की म्हणत, "शेठ, भाव तुमचा, वजन आमचं." आम्हाला तेव्हा ही त्यांची खोड वाटायची. चोवीस कपाटांच्या वेळी ते हयात नव्हते.

म्हणून काळा पत्रा वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. गेटाची चौकट, ट्रॉलीचा सांगाडा, मशीनचे पाय, शेडचे खांब, तवा, कढई यांना काळाच माल योग्य. अँगल आणि चॅनेल तर गरम रोलिंगचेच घेतो आपण. इंग्लंडमध्ये हेन्री कॉर्टने १७८३ साली खाचांच्या रुळांचे पेटंट घेतले, तेव्हापासून तापलेले लोखंड रुळांच्या खाचेतून काढून आकार देण्याची रीत रुळली. जिथे भरपूर वेल्डिंग आहे तिथे कडक सीआरवर पैसा घालण्यात अर्थ नाही, कारण वेल्डच्या आसपास तापून त्याचा कडकपणा निघून जातो. काळ्या मालाला रंग द्यायचा असेल तर मात्र सँड ब्लास्ट किंवा तेजाबाची धुलाई हा खर्च धरूनच भाव द्यावा.

मिळेल तो पत्रा घेण्याची आपली सवय कोट्याच्या काळातली आहे. पोलादाच्या किमती आणि वाटप यांवरचे सरकारी नियंत्रण जानेवारी १९९२ मध्ये उठले. त्यानंतर हजीरा आणि रायगड जिल्ह्यातल्या डोलवी इथे खासगी हॉट स्ट्रिप मिल उभ्या राहिल्या. आज कळंबोलीच्या बाजारात हवी ती जाडी आणि प्रत मागता येते, पण मागणारा नाव घेऊन मागत नाही.

वाकवताना, कापताना

पत्रा ज्या दिशेने रुळातून निघाला त्या दिशेने त्याचे कण लांबलेले असतात, लाकडाच्या रेषांसारखे. वाकवण्याची रेघ या दिशेला आडवी घेतली तर वाक स्वच्छ बसतो, समांतर घेतली तर बाहेरच्या बाजूला बारीक चिरा पडण्याचा संभव जास्त. मऊ पत्र्यात हे खपून जाते, कडक आणि जाड पत्र्यात खपत नाही. पत्रा आखताना तुकडा वाचावा म्हणून आपण तो फिरवून बसवतो, तेव्हा हे ध्यानात ठेवावे.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीला यंत्रमागाचे सुटे भाग करणारे आपले बांधव शाफ्टसाठी चकचकीत ब्राइट बार वापरतात. ही सळई रुळातून नव्हे तर डायमधून थंडपणी ओढलेली असते, पण तत्त्व तेच. तिच्या सालीत आणि गाभ्यात परस्परविरुद्ध ताण कोंडलेला असतो. एका बाजूने चावीची खाच कापली की तो तोल बिघडतो आणि सरळ शाफ्ट धनुष्यासारखा वाकतो. कारागीर लेथला दोष देतो, लेथवाला कारागिराला. एका बाजूला खोल कापकाम असेल तर काळी सळई घेऊन ती खरादून काढावी, किंवा ब्राइट बार आधी तापवून ताण काढून घ्यावा. नुसता सरळ गोल शाफ्ट हवा असेल तर ब्राइट बारसारखा सोयीचा माल नाही.

बांधकामाच्या सळईतही हा खेळ झाला आहे. जुने ठेकेदार ज्याला टोर म्हणायचे ती सळई गरम रोलिंगची असे आणि मग थंडपणी पिळून तिची ताकद वाढवलेली असे. तिची जागा पुढे टीएमटीने घेतली. जालन्याच्या मिलमधून निघणारी टीएमटी लाल असतानाच पाण्याच्या झोतातून जाते. साल कडक होते, आतली उष्णता बाहेर येऊन ती साल थोडी नरमवते आणि गाभा लवचीक राहतो. दोन्हींना एक नियम लागू: साइटवर गॅसने तापवून वाकवू नये. तापवले की कमावलेली ताकद त्या जागी जाते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भांडी करणाऱ्यांसाठी

स्टेनलेसच्या बाजारात लोहचुंबक खिशात घेऊन फिरणारे गिऱ्हाईक भेटते. चुंबक चिकटला की माल खोटा, असे त्याचे मत. हे पूर्ण खरे नाही. ३०४ प्रतीचा पत्रा मुळात चुंबकाला धरत नाही, पण थंडपणी खोल ओढला की त्याच्या आतली रचना काही प्रमाणात बदलते आणि डब्याच्या कोपऱ्यावर, पातेल्याच्या काठाशी चुंबक हलका ओढला जातो. उलट, निकेल कमी असलेला दोनशे मालिकेतला स्वस्त पत्राही चुंबकाला धरत नाही. तेव्हा चुंबकावर ना माल नाकारावा ना स्वीकारावा. वाद असेल तर पत्र्याचे रासायनिक विश्लेषण करून घ्यावे. स्टेनलेसमध्येही गरम-थंड हा भेद आहेच. नंबर वन फिनिश म्हणजे गरम रोलिंग करून धुतलेला खरबरीत माल, टू-बी म्हणजे थंड रोलिंगचा साधा चकचकीत पत्रा. टू-बीचा भाव मोजून नंबर वन घासून दिलेला माल घेऊ नये.

पितळेचे काम करणाऱ्यांना, मग ते भंडाऱ्याचे असोत की मुरादाबादचे, एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसे हात न लावता आपोआप तडकत. पितळ थंडपणी ओढल्याचा ताण काडतुसाच्या भिंतीत कोंडलेला असे आणि घोड्यांच्या तबेल्यातला अमोनिया दमट हवेतून त्याला लागे. या कोड्याचा उलगडा १९२१ साली झाला. उपाय साधा निघाला: आकार दिल्यावर माल अडीचशे-तीनशे अंशांच्या आसपास तापवून ताण काढावा. इतक्या आचेने कडकपणा फारसा जात नाही. थंडपणी ठोकलेली किंवा ओढलेली पितळी वस्तू गोदामात पडल्या पडल्या तडकली तर धातूच्या भेसळीवर संशय घेण्याआधी हे पाहावे. ती वस्तू गोठ्याशेजारच्या खोलीत तर नव्हती ना, हेही विचारावे.

माल घेताना

काळा पत्रा तेजाबात धुऊन, तेल लावून राखाडी चमकता करतात. हा माल एचआरपीओ म्हणून सरळ नावाने मिळतो आणि चांगला असतो. स्केल गेलेला असल्याने रंगाला उत्तम. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा तो सीआर म्हणून सीआरच्या भावात दिला जातो. तेल पुसून उजेडात तिरका धरून पाहा. सीआरचे अंग एकसारखे आणि रेशमी असते, धुतलेल्या काळ्याचे थोडे खडबडीत आणि मळकट. जाडी मायक्रोमीटरने तीन-चार ठिकाणी मोजावी, अगदी कडेला मोजू नये, किमान एक-दीड इंच आत शिरावे. जाडीवरूनही अंदाज येतो. सव्वा मिलिमीटरच्या खाली एचआर फारसा मिळत नाही आणि तीन मिलिमीटरच्या वर सीआर फारसा मिळत नाही. कोणी पाच मिलिमीटरचा सीआर देऊ केला तर कागद मागावा.

कागदाचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आमच्या वेळच्या बिलावर फक्त "एमएस शीट" इतकेच लिहिले होते. त्या दोन शब्दांत काळा, धुतलेला, सीआर, जुना, नाकारलेला, सगळा माल बसतो. ऑर्डर देतानाच चिठ्ठीवर लिहून द्यावे: एचआर की सीआर, भारतीय मानक क्रमांक (गरम पत्र्याला आयएस १०७९, थंड पत्र्याला आयएस ५१३, बांधकामाच्या पोलादाला आयएस २०६२), प्रत, मिलिमीटरमध्ये जाडी आणि धुतलेला की न धुतलेला. गेज लिहू नये, कारण गेजच्या नावाखाली थोडा पातळ माल सहज सरकवता येतो. अठरा गेज म्हणजे १.२ मिलिमीटर धरला तर आठ बाय चारचा पत्रा २८ किलो भरला पाहिजे. २६ भरला तर तो अठरा गेज नव्हे. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे आणि त्यावरचा कॉइल नंबर मालाच्या लेबलशी जुळवून पाहावा. आपण स्वतः विक्रेते असू तर गिऱ्हाइकाला हेच सारे न मागता लिहून द्यावे, म्हणजे उद्या परत आलेल्या मालावर बोलायला तोंड राहते.

सीआर पत्रा आणल्यावर तो फरशीवर टेकवू नये, खाली लाकडी ठोकळे घालावेत. स्केल नसल्याने त्याच्या अंगावर फक्त तेलाचे पांघरूण असते. थप्पीत पत्र्यांच्या मध्ये पावसाचे पाणी शिरले तर चार दिवसांत बाहेरून कोरडी दिसणारी थप्पी आतून तांबडी होते. भिजलेली थप्पी त्याच दिवशी मोकळी करावी, प्रत्येक पत्रा पुसून उभा ठेवावा आणि पुन्हा तेलाचा हात मारूनच रचावा.